आबांचं नाक आणि वाईनच्या पिंपातली स्कॉच

आमच्या आबांनी "वाढा" म्हटल्याशिवाय शिवाजी पेठेत आजवर कुणी मटणाला हात लावलेला नाही. ही थाप आहे असं कुणी म्हणेल. असेल थोडीशी. पण असं म्हणणाऱ्याला आमच्या मंडळाच्या जेवणात अजून पान मिळालेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. माणूस बेताच्या उंचीचा, पण नाक असं की आधी ते चौकात पोचायचं आणि मग मागून आबा यायचे. फुटबॉलचा हंगाम संपला की आमच्या मंडळाचं मटणाचं जेवण होतं. संघ जिंकला तर आनंदाचं, हरला तर दुःखाचं. मटण दोन्हीला सारखंच लागतं. जेवण तयार झालं की आचारी पळी घेऊन आबांच्या पुढ्यात उभा राहतो. आबा उजवा तळहात पुढे करतात. त्यावर पांढऱ्या रश्श्याचे चार थेंब पडतात. आबा हात नाकाशी नेतात, मग जिभेला लावतात, डोळे मिटतात. त्या वेळी अख्खं मंडळ श्वास धरून उभं असतं. एकदा एकाला त्यात शिंक आली, तर त्याला पुढच्या वर्षी वर्गणी मागायलासुद्धा कुणी गेलं नाही. मग आबा डोळे उघडतात आणि म्हणतात, "वाढा." की मग पंगत बसते.

मंडळाच्याच नव्हे, पेठेतल्या सगळ्या पंगतींचा हा मान आबांच्या वडिलांकडून आबांकडे आला. त्याला कागद नाही, ठराव नाही. तरीही तो नगरसेवकाच्या खुर्चीपेक्षा मोठा आहे, कारण नगरसेवकाला आम्ही दर निवडणुकीत बदलतो.

तर हे असलं नाक गेल्या पावसाळ्यातल्या एका तापात गेलं.

नाक जागेवर होतं, पण त्यातलं काम बंद पडलं. चव पण गेली. आबांनी ही गोष्ट दुसऱ्या कुणालाच सांगितली नाही. फक्त मला बाजूला घेऊन रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर नेलं आणि म्हणाले, "आरं, जिभेवर माती पडलीया. काल हिंगाची डबी उघडून नाक आत घाटलं. काय न्हाय. मोकळ्या डबीत तोंड घाटल्यागत वाटलं."

"काकूंना कळलं?"

"तिला कशापायी सांगतूस? काल तिनं कारलं केलतं. ते खाऊन मी 'झकास झालंय' म्हटलं. तवापास्नं ती माझ्याकडं चोरागत बगालीया."

बघणारच. उभ्या संसारात या माणसाने कारल्याला चांगलं म्हटलं नव्हतं, आणि कारलंच कशाला, कशालाच म्हटलं नव्हतं. काकूंचा स्वयंपाक आणि आबांच्या शिव्या यांवर ते घर उभं होतं. शिव्या बंद झाल्या तसं घर सुनं वाटायला लागलं.

आबांना भीती वेगळीच होती. मान गेला तर? म्हणून आम्ही दोघांनी एक बंदोबस्त केला. आबांच्या आधी मी "मीठमसाला बघतो" म्हणत हंडीकडे जायचं आणि गुपचूप चव घ्यायची. मग आबा डोळे मिटून उभे राहिले की मी जवळ उभं राहायचं. मी खोकलो, तर मीठ बरोबर. कान खाजवला, तर कमी. खांद्यावरचा टॉवेल झटकला, तर जास्त. डोळे मिटल्यासारखे करून आबा पापणीच्या फटीतून बघायचे. एका गावजेवणाला आणि दोन वास्तुशांतींना हे असं बेमालूम चाललं की मलाच वाटायला लागलं, पेठेचं खरं नाक मीच.

मग एका बारशाला मला खराच खोकला झाला.

त्या आमटीत एवढं मीठ होतं की चमचा उभा राहिला असता. मी टॉवेल झटकायला हात वर नेला, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. आबा म्हणाले, "वाढा." लोकांनी त्या दिवशी जेवून जे पाणी प्यायलं, त्याने नळाचा दाब पेठेत संध्याकाळपर्यंत आला नाही. बारशातलं बाळ तेवढं वाचलं, कारण ते दुधावर होतं.

मंडळात एक सेंट्रिंगचा ठेकेदार आहे. आवाज असा की स्लॅब त्याच्या ओरडण्यानेच घट्ट होतो म्हणतात. आबांच्या मानावर त्याचा डोळा फार दिवसांपासून होता. त्या बारशानंतर तो चौकाचौकात सांगत सुटला, "आबाचं नाक गेलंय. आवंदा मंडळाच्या जेवणात समद्यांसमोर बघूया. न्हाय जमलं, तर हात मी म्होरं करणार."

आबांची झोप उडाली. माझी तर भूकच गेली, म्हणजे काय झालं असेल बघा.

आणि त्यातच पुण्याचे जावईबापू आले.

जावई म्हणजे आबांच्या लेकीचे यजमान. पुण्यात मोठ्या कंपनीत आहेत. कामानिमित्त स्कॉटलंडला जाऊन आले आणि येताना बाटलीसोबत एक नवीन आजार घेऊन आले: व्हिस्की पिण्याआधी तिच्यावर बोलायचं. मंडळाच्या जेवणाला पाहुणा म्हणून त्यांना बोलावलं होतं. सासरा आणि जावई एकमेकांसमोर घेत नाहीत, हा आमच्याकडचा कायदा. आजवर प्रत्येक लग्नकार्यात ते दोघं एकाच शेडच्या दोन टोकांना पाठमोरे बसून घेत आले, आणि मधून शेंगदाण्याची ताटली फिरवण्याचं काम माझ्याकडे असायचं.

यंदा जेवण शिरोळच्या बाजूला होतं, मंडळातल्याच एकाच्या मळ्यात. चहूकडे ऊस, मधे पत्र्याचं शेड, शेडमागे चुली. महापुरात या पत्र्यावर मगर येऊन बसली होती आणि पाणी उतरल्यावर तिला शिडी लावून खाली घेतली, असं मळेवाला सांगतो. मी ती शिडी पाहिली आहे, त्यामुळे माझा विश्वास आहे. दुपार कलत होती. चुलीवर एका हंडीत तांबडा रस्सा, दुसरीत पांढरा. आता ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. तांबडा रांगडा गडी आहे, चुलीवर ठेवून गावाला जाऊन या, तो आपला उकळत बसतो. पांढरा मात्र लाडावलेला. खोबऱ्याचं दूध, तीळ, खसखस, काजू आणि मटणाचं पाणी. त्याला सतत ढवळत राहावं लागतं. पाठ फिरवली की तळाला धरतो.

मी आधीच जाऊन दोन्हींची चव घेऊन आलो होतो. मीठ बरोबर. म्हणजे मला फक्त खोकायचं होतं. घसा तयार ठेवून बसलो.

तेवढ्यात जावयांनी सतरंजीवर छोट्या पोटाचे आणि अरुंद तोंडाचे काचेचे ग्लास मांडले आणि बाटली काढली. आतला रंग तांबूस, मावळतीच्या उन्हात तर डाळिंबाचा रस वाटावा असा.

आबा उठायला लागले. जावई म्हणाले, "आबा, बसा ना. हे पिणं नाही. हा अभ्यास आहे."

अर्धे उठलेले आबा परत टेकले. "अभ्यास आसंल तर बसतो. शाळा लौकर सुटलीती आमची."

जावयांनी समजावून सांगितलं. ही सिंगल माल्ट. एकाच भट्टीतली, नुसत्या जवाची. आधी अनेक वर्षं साध्या लाकडी पिंपात मुरवली आणि मग शेवटी अशा पिंपात भरून ठेवली, ज्यात पूर्वी वाईन होती. लाकडात मुरलेली वाईन मग हळूहळू व्हिस्कीत उतरते.

ठेकेदाराने हात वर केला. "म्हंजे आधी पिंपात वाईन हुती. ती वतली. बरूबर?"

"बरोबर."

"मग पिंप धुतलं न्हाई."

"नाही, मुद्दामच धुवत नाहीत."

"आन तसंच त्यात व्हिस्की घाटली?"

"हो."

"पावणं, आमच्यात भांडं धुवून घेत्यात की."

सगळं शेड हसलं. जावईसुद्धा हसले. माणूस तसा गोड आहे, फक्त पुण्याचा आहे. म्हणाले, "आता प्यायची घाई करायची नाही. आधी वास घ्यायचा. ग्लासात नाक घाला, तोंड थोडं उघडं ठेवा, आणि काय काय वास येतो ते प्रत्येकाने सांगायचं. चूक असं काही नसतं."

मी आबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उसाचं पाचट जाळल्यावर राहते त्या राखेसारखा झाला होता. ठेकेदाराचा मात्र चेहरा उजळला. त्याला दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा तमाशा एकाच पानात वाढलेला दिसला.

"मग आबांपास्नं सुरुवात करा की," तो शेडभर ओरडला. "पेठेचं नाक हाय ते. सांगा आबा, काय वास येतोय?"

मी सवयीने खोकलो. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेला खोकला गिळला. बरोबरच होतं. मिठाला खोकला चालतो, वाईनच्या पिंपाला कुठला खोकला द्यायचा?

पण आबा जुने खेळाडू. म्हणाले, "मी शेवटी. आधी ल्हान्यांचं हुंगून हुंदे."

मग सुरू झालं. जिंदगीत ज्यांनी दारूला पाण्यापलीकडे काही विचारलं नव्हतं, ते गडी ग्लासात नाक घालून बसले. जावई म्हणाले, "मनुका जाणवतायत का?" मागून एकजण म्हणाला, "मनुका न्हाईत, बेदाणं हाईत. तासगावचं." जावई म्हणाले, "थोडं चामडं?" आणि सगळ्यांनी झटकन आपापले पाय सतरंजीवरून मागे घेतले. मी म्हणालो, "मला जांभळाचा वास येतोय. झाडावरनं पडलेलं, मुंग्या लागायच्या आधीचं." मला तसला काहीही वास येत नव्हता, पण जावयांनी "वा!" म्हणून फोनमध्ये टिपून घेतलं. मग मला चेव आला. मी गुऱ्हाळाची काकवी सांगितली, भिजलेलं गोणपाट सांगितलं, देवळातली ओली फुलं सांगितली. जावई टिपत होते. पुण्यात त्यांचा असल्या अभ्यासाचा एक ग्रुप आहे, त्यांना पाठवायचं होतं.

ही गंमत बघायला आचारी पण आला. हातात पळी तशीच. म्हणाला, "पावणं, मीबी चवीचा धंदा करतोय. मलाबी द्या वाईच." त्यालाही ग्लास मिळाला. त्यानेही नाक घातलं. चुलीपाशी कोण आहे हे कुणीच कुणाला विचारलं नाही.

"आता आबा," ठेकेदार म्हणाला.

आबांनी ग्लास बाजूला सारला. "गिलासात काय कळतंय? हिकडं आन, हातावर." आणि उजवा तळहात पुढे केला, पांढऱ्यासाठी करतात तसा. जावई खूश झाले. "तिकडचे जाणकारही असंच करतात, आबा! तळव्यावर चोळून वास घेतात. स्पिरिट उडून जातं, मागचं लाकूड राहतं." त्यांनी आबांच्या हातावर चार थेंब टाकले. आबांनी हात चोळले, ओंजळ नाकातोंडावर झाकली आणि डोळे मिटले.

मी ओळखलं. आबा वेळ काढत होते. आत अंधार होता आणि माणूस त्या अंधारात चाचपडत होता. ओंजळीमागून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं, व्हिस्की झोंबली. मला तसं वाटलं नाही.

"आबा, झोपलासा काय?" ठेकेदार म्हणाला.

आबांनी ओंजळ तशीच ठेवली. मग जावयांनीच मदतीला यावं म्हणून पुढचा धडा सुरू केला. "आता सगळ्यांनी थोडं थांबून परत वास घ्या. ही पिंपं आतून भाजलेली असतात. त्यामुळे अगदी मागून, अगदी हलका, एक जळकट वास येतो. आला का?"

"आला!" ठेकेदार ओरडला.

"आला की!" आचारी म्हणाला.

"लई आला!"

"मघापरास वाढला!"

जावयांनी स्वतः हुंगून बघितलं. भुवया वर गेल्या. "खरंच की. इतका यायला नको खरं तर. हे पिंप काहीतरी विलक्षण असणार."

मला तर आता खरोखरच वास यायला लागला होता. इतका वेळ थापा मारल्यावर पहिल्यांदा खरं सांगायची संधी आली, ती मी कशाला सोडतो? म्हणालो, "जळकट तर हायच, पण त्यात खोबरंबी हाय."

"वा!" जावई जवळजवळ उभे राहिले. "खोबरं हा ओकच्या लाकडाचाच गुण! भल्याभल्यांना सापडत नाही."

"आणि मागनं तीळ. किंचित खसखस."

"खसखस..." जावई टिपायला लागले.

"ए खुळ्यांनो!" आबांची ओंजळ उघडली. "खसखस, तुमच्या आयला खसखस! हंडी लागली! पांढरा धरला खालनं! त्यो आचारी कुठं मेला?"

आचारी हातातला ग्लास जावयांच्या हातात आणि पळी माझ्या हातात देऊन धावला. त्यामागे ठेकेदार, त्यामागे सगळं मंडळ. शेडमागे पांढऱ्याच्या हंडीतून धुराची एक बारीक रेघ उसाकडे चालली होती. शेडच्या पलीकडे, भिंतीआड. सतरंजीवरून ती दिसणं शक्यच नव्हतं, हे मी नंतर दोनदा बसून आणि एकदा आडवं होऊन तपासलं आहे.

आबा सावकाश चालत आले, सेनापती येतो तसे. "ढवळू नगंस! ढवळलास तर समदा गेला. वरच्यावर काढ दुसऱ्या भांड्यात. तळाला हात लावायचा न्हाय. खोबऱ्याचं ताजं दूध हाय का? घाल." आचाऱ्याने तसं केलं. ठेकेदाराने स्वतः मोकळं पातेलं धरलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच घशातच राहिला होता.

मग आचाऱ्याने पळी माझ्या हातून परत घेतली आणि आबांसमोर उभा राहिला. तळहात पुढे झाला. थेंब पडले. मंडळ श्वास धरून उभं राहिलं. मला मघाची चव आठवत होती, मीठ बरोबर होतं, म्हणून मी शांतपणे, कर्तव्य म्हणून खोकलो.

आबांनी डोळे उघडले आणि सगळ्यांदेखत माझ्याकडे वळले. "तुझा खोकला ठेव खिशात. मीठ कमी हाय."

ठेकेदाराने घाईने बोट बुडवून चाखलं. येऊ नये ते कौतुक त्याच्या चेहऱ्यावर आलं. ताज्या दुधाने मीठ मारलं होतं. "हाय की वो," तो म्हणाला. "कमीच हाय."

मूठभर मीठ पडलं. पुन्हा हात, पुन्हा थेंब. आबा जरा जास्तच वेळ डोळे मिटून उभे राहिले. मला वाटतं, ते मीठ बघत नव्हते. ते नुसते खात होते.

"वाढा," आबा म्हणाले.

त्या दिवशी मटण किती गेलं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मळेवाल्याच्या म्हणण्यानुसार दुसऱ्या दिवशी सकाळी कावळे येऊन रिकामे परत गेले. नाक कशाने परत आलं, यावर मात्र मंडळात तीन पक्ष पडले. जावई म्हणतात, वाईनच्या पिंपाने. आचारी म्हणतो, पांढऱ्याने. मी म्हणतो, ठेकेदाराच्या भीतीने. ठेकेदार काही म्हणत नाही. तो हल्ली आबांना चौकात भेटला की आधी नमस्कार करतो आणि मग नजर चुकवतो. माझं गुप्त नाकाचं पद मात्र त्याच दिवशी गेलं, साधा नारळसुद्धा न देता.

पुढच्या आठवड्यात जावयांचा फोन आला. पुण्याच्या ग्रुपने तीच बाटली मागवली होती. सगळे जाणकार घेऊन बसले. "आबा, बाकी सगळं मिळतंय," जावई काळजीने म्हणाले, "पण खोबऱ्यामागची ती खसखस कुणालाच सापडत नाही."

"चुलीवर पांढरा ठेवा म्हणावं," आबा म्हणाले, "आन समद्यांनी तिकडं पाठ करून बसा."

मी तेव्हा आबांच्या घरी जेवायला होतो. काकूंनी पान वाढलं होतं, त्यात कारलं होतं. आबांनी फोन ठेवला, कारल्याची एक फोड तोंडात टाकली आणि तोंड असं केलं की मला वाटलं, दात तुटला.

"काय केलंयस गं हे? कडूजार! जनावराच्या म्होरं टाकलं तर ते दावं तोडंल!"

काकू चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळल्या नाहीत. पदर डोळ्यांना लागल्याचं मला दिसलं, आबांना नाही.

"आणिक वाढू?" त्या म्हणाल्या.

"वाढ की," आबा म्हणाले.